दुचाकीचे सुटे भाग : भाव ताडण्याआधी वस्तू ताडा

दुचाकी दुरुस्ती आणि सुट्या भागांची विक्री हा आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांच्या रोजीरोटीचा आधार आहे. मुंबईच्या उपनगरांत असो की मालेगाव, भिवंडी, परभणी, सोलापुरात, रस्त्याच्या कडेला पाना-पकड घेऊन बसलेला मिस्त्री किंवा शेजारचा स्पेअर पार्टवाला पुष्कळदा आपलाच बांधव असतो. मुस्लिम कामगारांचे प्रमाण वाहनदुरुस्तीच्या धंद्यात ठळक असल्याची नोंद सच्चर समितीनेही २००६ च्या अहवालात केली होती. भांडवल थोडे, हातात हुन्नर आणि गिऱ्हाइकाचा विश्वास, एवढ्यावर हा धंदा चालतो.

या धंद्यात रोज एक प्रश्न पडतो. एकच पार्ट एका दुकानात ६०० रुपयांना, तर चार पावलांवरच्या दुकानात ४०० रुपयांना मिळतो. मग घ्यावा कोठून? साधे उत्तर असे, की स्वस्त मिळेल तेथून. पण या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे दोन्ही पार्ट एकच आहेत. बहुतेक वेळा फसगत होते ती येथेच. म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच आहे : भाव ताडून पाहण्याआधी वस्तू ताडून पाहा. वस्तू एक असेल तरच भावाच्या तुलनेला अर्थ आहे.

मालाचे पाच प्रकार

पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोणत्याही मोठ्या बाजारात गेलात तर दुचाकीचा माल साधारण पाच प्रकारचा दिसेल.

पहिला, गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या नावाने आणि तिच्याच वेष्टनात येणारा माल. यालाच बाजारात 'जेन्युइन' म्हणतात. दुसरा, जे कारखाने गाडीच्या कंपनीला पार्ट पुरवितात, त्यांनीच स्वतःच्या नावाने बाजारात आणलेला माल. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती पुरवठादारांचे कारखाने उभे राहिले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक ही त्यांतली मोठी नावे. अशा पुरवठादारांचा माल पुष्कळदा जेन्युइनपेक्षा स्वस्त असतो आणि दर्जाला उणा नसतो. समजूतदार मिस्त्रीची खरी बचत येथे आहे.

तिसरा, लहान कारखान्यांचा स्वतःच्या नावाने विकला जाणारा साधा माल. यात चांगला आणि वाईट दोन्ही सापडतो, पण तो निदान खोटे नाव लावत नाही. चौथा, डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याचे वेष्टन वापरून केलेला बनावट माल. पाचवा, जुन्या गाड्यांतून काढलेला माल.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातला फरक नीट ध्यानात घ्यावा. साधा माल साधा म्हणून विकणे हा व्यापार आहे, आणि बनावट माल कंपनीचा म्हणून विकणे हा धोका देणे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून पाहिला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी विक्रेत्याला केली आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे असे बजावले, ही हदीस आपण सर्व जाणतो. त्या विक्रेत्याचे धान्य भिजले हा त्याचा दोष नव्हता. ओल झाकली, हा होता. डुप्लिकेटच्या वेष्टनात तीच ओल झाकलेली असते. आणि येथे ओल धान्याला नसून ब्रेकच्या लायनरला असते. ते लायनर उतारावर दगा देते तेव्हा नुकसान पैशांत मोजता येत नाही.

नंबर वाचायला शिका

वस्तू ताडायची कशी? नावावरून नव्हे, नंबरावरून. कंपनीच्या प्रत्येक पार्टला एक पार्ट नंबर असतो, तो वेष्टनावर छापलेला असतो. गाडीचे नाव सांगून पार्ट मागण्याऐवजी नंबर सांगून मागा. एकाच नावाची गाडी वर्षानुवर्षे विकली जाते, पण आतले भाग बदलतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि ज्या गाड्यांना कार्बोरेटर होता त्यांतील बहुतेकांना फ्युएल इंजेक्शन आले. स्प्लेंडर १९९४ पासून बाजारात आहे, पण २०२० च्या आधीची आणि नंतरची स्प्लेंडर इंधनाच्या भागांपुरती वेगळीच गाडी समजावी. म्हणून मॉडेलबरोबर उत्पादनाचे वर्षही सांगावे.

काही वस्तूंचे नंबर तर साऱ्या जगात एकच असतात. बेअरिंग घ्या. ६२०२, ६२०३, ६३०१ हे आकडे कोणत्याही कंपनीने छापले तरी माप तेच असते. शेवटच्या दोन आकड्यांवरून आतल्या छिद्राचे माप कळते : ०० म्हणजे १० मि.मी., ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे त्या आकड्याला ५ ने गुणावे, म्हणजे ०४ ला २० मि.मी. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचे सील आणि झेडझेड असेल तर पत्र्याचे झाकण असते. चाकात चिखलपाणी जाते, तेथे रबरी सील जास्त टिकते. एका दुकानदाराने २आरएसचा आणि दुसऱ्याने झेडझेडचा भाव सांगितला, तर ती तुलना झालीच नाही.

चेनवर ४२०, ४२८, ५२० असे आकडे असतात. पहिला आकडा दोन पिनांमधले अंतर इंचाच्या आठव्या भागात सांगतो. म्हणजे ४ असेल तर अर्धा इंच. पुढचे आकडे रुंदीशी संबंधित असतात. ४२० आणि ४२८ मध्ये अंतर एकच, रुंदी वेगळी. मागे 'एच' असेल तर पट्ट्या जाड असतात. कड्यांची संख्या आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात मोजल्याशिवाय चेन-सॉकेटच्या संचाचा भाव विचारू नये. दात बदलले की गाडीची ओढ आणि मायलेज दोन्ही बदलतात.

टायरवर आकार असतो. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मि.मी., उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंचांची. त्यापुढे भार सांगणारा आकडा आणि वेग सांगणारे अक्षर असते : जे म्हणजे ताशी १०० कि.मी., एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५०. याशिवाय चार आकडी तारीख पाहावी. २३२५ असे असेल तर टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला टायर स्वस्त मिळतो, पण रबर वयाबरोबर कडक होते, हे हिशेबात धरावे.

ऑइलच्या बाबतीत मोटारसायकल आणि मोटार यांत गल्लत होते. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यासाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असे हवे. मोटारीचे घसरट ऑइल घातले तर क्लच घसरू लागतो आणि दोष क्लच प्लेटला दिला जातो. जासो एमबी हे स्कूटरसाठी असते. १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५० हे गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे, डब्याच्या भावावरून नव्हे.

एमआरपी आणि सवलतीचा खेळ

सुट्या भागांच्या बाजारात बोलणी 'एमआरपीवर किती टक्के' अशी होतात. येथे एक सापळा आहे. नामांकित पुरवठादार ५०० रुपये छापतो आणि २० टक्के सोडतो. दुसरा कोणी ९०० छापतो आणि ६० टक्के सोडतो. ६० टक्के ऐकून माणूस हरखतो. एकाचा पडता भाव ४०० आणि दुसऱ्याचा ३६०, खरा फरक केवळ ४० रुपयांचा! शिवाय ९०० छापलेल्या वस्तूचे गिऱ्हाइकाकडून ९०० घेण्याचा मोह होतो. कायद्याने छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, पण फुगवलेली छापील किंमत पूर्ण वसूल करणे हीही गिऱ्हाइकाच्या अज्ञानाची किंमत लावणेच आहे. म्हणून टक्के विसरा. हातात पडणारा भाव, कर धरून आणि वाहतूक धरून, एवढाच लिहून ठेवा.

दरपत्रकाची तारीखही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील आणि दुचाकीच्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्याची मूळ किंमत १००० रुपये, ती वस्तू आधी १२८० ला पडे, ती आता ११८० ला पडायला हवी. जुन्या पत्रकाशी नवा भाव ताडून 'सवलत मिळाली' असे समजू नये. ती सवलत दुकानदाराची नव्हे, कराची आहे, आणि ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचली पाहिजे.

पक्के बिल हीच ढाल

समजा, क्लच प्लेटचा संच पक्क्या बिलाने १००० अधिक १८० कर असा ११८० ला मिळतो आणि शेजारी कच्च्या चिठ्ठीवर १०५० ला. ज्या दुकानदाराची जीएसटीची नियमित नोंदणी आहे त्याला १८० रुपयांचे क्रेडिट मिळते, म्हणून त्याला पक्का माल १००० लाच पडतो आणि चिठ्ठीचा माल उलट ५० रुपयांनी महाग. मात्र पुरवठादाराने आपले रिटर्न भरलेले असले पाहिजे, नाहीतर क्रेडिट अडकते. भाव ताडताना पुरवठादार रिटर्न वेळेवर भरतो की नाही, हेही ताडावे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला आणि नोंदणी नसलेल्या मिस्त्रीला हे क्रेडिट मिळत नाही. केवळ माल विकणाऱ्यासाठी आपल्या राज्यात नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, पण गॅरेजवाला मालाबरोबर मजुरीही घेतो, म्हणून त्याच्यासाठी २० लाखांची मर्यादा धरावी. ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते.

मग नोंदणी नसलेल्या मिस्त्रीने १३० रुपये का सोडावेत? कारण बिल ही त्याची ढाल आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ प्रमाणे बनावट नावाचा माल विकणाऱ्यालाही किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, तसेच ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. यात बनविणारा दूरच्या शहरात सुटतो आणि सापडतो तो दुकानात माल मांडून बसलेला आपला माणूस. त्याच कलमात एक वाटही ठेवली आहे. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, संशय घेण्यास कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला ते मागताच सांगितले, हे जो दाखवू शकेल त्याचा बचाव होतो. कच्च्या चिठ्ठीवर हे कसे दाखविणार? १३० रुपयांची बचत ही ढाल विकून केलेली बचत आहे.

भाव नव्हे, पडता खर्च

समजा, एक चेन-सॉकेट संच ९०० रुपयांचा आहे आणि १२ हजार कि.मी. चालतो. दुसरा १४०० चा आहे आणि २४ हजार चालतो. बसविण्याची मजुरी दोन्हीला २०० धरा. पहिल्याचा खर्च दर हजार कि.मी.ला सुमारे ९२ रुपये आणि दुसऱ्याचा सुमारे ६७ रुपये. गिऱ्हाईक रोज माल पोहोचविणारा डिलिव्हरीवाला असेल तर त्याला महाग संचच स्वस्त पडेल. महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्या वृद्ध गृहस्थांना साधा संच पुरेल. हा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडा. दोन भाव सांगा, मालाचा प्रकार सांगा, निवड त्याची. आणि काढलेला जुना पार्ट त्याच्या हातात द्या. विश्वास असा मिळतो, पाटी रंगवून नव्हे.

हेल्मेटमध्ये भाव शेवटी पाहावा

हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे भारतीय मानक आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनविणे आणि विकणे, दोन्ही बंद आहे. चिन्ह कोणीही छापू शकतो, म्हणून चिन्हाखालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर तो क्रमांक घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते कळते. हे काम मिनिटाचे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

कवचाच्या आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो तोच धक्का शोषतो आणि एकदा दबला की पुन्हा उभा राहत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बाद समजावे आणि वापरलेले हेल्मेट विकू नये. पट्टा लावून डोके हलविले असता जे डोक्यावर फिरत नाही तेच मापाचे. जॅकेटमध्ये कोपर-खांद्याच्या गादीवर ईएन १६२१-१ असे लिहिलेले असेल तर लेव्हल १ की २ ते पाहावे. लेव्हल २ ची गादी धक्का अधिक शोषते. असे काहीच लिहिलेले नसेल तर ते थंडीचे जॅकेट आहे, अपघाताचे नव्हे, आणि त्याच भावाने विकावे.

जुना माल : वही ठेवा

जुना माल विकण्यात कमीपणा नाही, बंद पडलेल्या मॉडेलला तोच आधार असतो. पण तो कोणाकडून आला याची नोंद हवी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि संशयाचे बोट लहान दुकानाकडे आधी वळते हा आपला अनुभव आहे. विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्राची प्रत, गाडीचा क्रमांक, तारीख आणि दिलेली रक्कम एका वहीत लिहून सही घ्या. कागद द्यायला जो तयार नाही, त्याचा भाव कितीही कमी असो, तो माल आपल्यासाठी नाही.

उधारी आणि कमिशन

पुष्कळ दुकानांत रोखीचा भाव १००० आणि महिन्याच्या उधारीचा १०४० असा असतो. सौद्याच्या वेळीच दोघांनी मिळून एक भाव आणि एक मुदत ठरविली, तर बहुतेक फुकहांच्या मते तो व्यवहार चालतो. पण मुदत टळली म्हणून रक्कम वाढवत नेणे हे व्याज आहे, मग त्याला कोणतेही नाव द्या. यातील बारकावे आपल्या गावातील जाणकार आलिमांना विचारून घ्यावेत. भाव ताडताना रोखीचा भाव रोखीशी आणि उधारीचा उधारीशीच ताडावा.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. गिऱ्हाइकाला ठराविक दुकानात पाठवायचे आणि दुकानदाराकडून गुपचूप कमिशन घ्यायचे, हा रिवाज अनेक ठिकाणी आहे. गिऱ्हाइकाने पार्ट निवडण्याचे काम विश्वासाने आपल्यावर सोपविलेले असते. ही अमानत आहे. जो मिस्त्री कमिशन जास्त तेथला पार्ट सुचवितो, त्याने तुलना गिऱ्हाइकासाठी केलीच नाही. त्यापेक्षा मजुरी वाढवा आणि ती उघड सांगा. मापात मारणाऱ्यांना खडसावूनच कुरआनातील सूरह मुतफ्फिफीन सुरू होते. माप केवळ तराजूचेच असते असे नाही.

आता करण्यासारखे काही

एक, भाववही ठेवा. पार्ट नंबर, बनविणारा, हातात पडलेला भाव, रोख की उधार, परत घेतो की नाही, तारीख आणि बसविल्यानंतर किती चालला, एवढे रकाने पुरेत. वर्षभरात ही वही कोणत्याही एजंटापेक्षा जास्त सांगेल. मोबाइलवरील खरेदीचे भावही यातच लिहावेत, पण तेथे विकणाऱ्याचे नाव, पोहोच खर्च आणि परतीची अट आधी पाहावी.

दोन, चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून खरेदी करा. एकट्याने पुण्या-मुंबईला जाण्यात भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. पाच जणांची यादी एकत्र केली तर एक माणूस जाईल, भावही घाऊक मिळेल आणि पक्के बिल मागायला जोर येईल.

तीन, आणि हे आजपासून करण्यासारखे आहे. कंपनीचे रिकामे खोके आणि ऑइलचे रिकामे डबे भंगारात आहेत तसे देऊ नका. बनावट मालाला अस्सल वेष्टन तेथूनच मिळते. खोके फाडा, डब्याला भोक पाडा, मगच द्या. आपल्या गॅरेजचा डबा उद्या दुसऱ्या गावातल्या आपल्याच भावाला फसवू नये.

स्वस्त विकण्यात पुण्य नाही आणि महाग विकण्यात पापही नाही. जी वस्तू सांगितली तीच दिली आणि जो भाव लावला तो सांगता आला, तर त्या रोजीत बरकत आहे. रात्री दुकानाचे शटर ओढताना आज विकलेल्या ब्रेकवर आपल्या मुलाने गाडी चालविलेली चालेल काय, एवढे स्वतःला विचारा. उत्तर 'होय' असेल तर आपण तुलना बरोबर केली आहे.